तीनशे प्रतींतलं एक पान

१

सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून कुणीतरी एक पान कापून नेलं होतं. एका प्रतीतून नव्हे. तीनशेच्या तीनशे प्रतींतून.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी पुस्तकविक्रीच्या टेबलावर पहिलं खोकं फोडलं. कुणी मागितली नसताना पहिल्या प्रतीवर सही करावी म्हणून ती उघडली, तर चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. छापखान्याची चूक असणार असं वाटून मला क्षणभर फार बरं वाटलं, कारण या पुस्तकातल्या इतर सगळ्या चुका माझ्या आहेत. मग दुसरी प्रत उघडली. विसावी उघडली. पान फाडलेलं नव्हतं, धारदार पात्याने सरळ कापलेलं होतं.

पुस्तक म्हणजे डीटर्सबर्गच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा इतिहास. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक गावाला असं एक दल असतं आणि प्रत्येक दलाला आपणच सर्वांत जुने असं वाटत असतं. आमचं दल १८९८ साली निघालं. चर्च जळत असताना पाणी कुणी आणायचं यावर एकोणीस माणसांचा वाद चालला होता. वाद मिटला तेव्हा चर्च उरलं नव्हतं आणि दल स्थापन झालं होतं. हा इतिहास मी लिहिला, कारण मी दलाचा सचिव आहे आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. दुसरी पात्रता कुणी विचारली नाही.

चीफ डेल हॉफॅकर समारंभाचा गणवेश घालून आला. त्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"वेंडल, कोणतं पान होतं?"

"एक्केचाळीस. गिरणीची आग."

चीफचं बोट थांबलं.

"पोलिसाला बोलवू?" मी विचारलं. आमच्याकडे एकच आहे.

"तो दहाच्या परेडमध्ये घोड्यावर आहे. त्याला आत्ता उतरवला तर परत चढणार नाही," चीफ म्हणाला. "लोइस मोसरला बोलव."

२

लोइसबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं त्या आगीचे फोन घ्यायच्या आणि वायरलेसवरून आमच्या बंबांना हाका घालायच्या. आवाज ऐकून माणूस खोटं बोलतोय का ते त्यांना कळतं. म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना फारसं कुणी फोन करत नाही.

त्या आल्या, चष्मा चढवला आणि एक प्रत उलटसुलट करून पाहिली.

"खोकी कुठे होती?"

"मंगळवारपासून स्वयंपाकघराच्या कोठीत. हॉलला रंग लावत होते."

"किल्ल्या?"

"तीन. चीफकडे, म्हाताऱ्या मार्लिनकाकांकडे आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या व्हर्नाबाईंकडे. माझ्याकडे नाही." म्हणजे मी सुटलो होतो. थोडं अपमानास्पदही वाटलं.

"हे बघ," लोइसबाई म्हणाल्या. "शिवणीपासून बोटभर जागा सोडून कापलंय. का?"

"हात घसरला असेल."

"तीनशे वेळा, त्याच जागी? शिवणीला लागून कापलं असतं तर जोडीचं पान सुटून पडलं असतं. ज्याने हे केलं त्याला बाकीचं पुस्तक जपायचं होतं. पान लपवायचं असतं तर पाच खोकी उचलून गाडीत टाकली असती आणि नदीत सोडली असती. तुझं पुस्तक जपणारा माणूस कोण असेल?"

मी विचार केला. एकही नाव सुचलं नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना एकच प्रश्न विचारू."

३

मार्लिन फेन्स्टरमाकर चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचं आडनाव बंबाच्या दारावर मावत नाही म्हणून त्यांना कधी चीफ केलं नाही, असं ते सांगतात. परेड बघायला ते सकाळी सातपासून घडीच्या खुर्चीत बसले होते.

"मार्लिन, कापलेल्या पानावर काय होतं?" लोइसबाईंनी विचारलं.

"माझे दात."

"दात?"

"गिरणीच्या आगीत माझी कवळी गिरणीच्या तळ्यात पडली, हे या शहाण्याने छापलंय. सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि त्यात माझी कवळी. अरे, तुझा आजोबा शिडीवर झोपायचा, ते मी कुणाला सांगितलं का?"

"आत्ता सांगितलंत," मी म्हणालो.

"म्हणून तू पान कापलंस?" लोइसबाई.

"माझे हात बघ." त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होते. "माझं सूप माझ्यापेक्षा शर्टच जास्त पितो. आणि मी पुस्तक का कापू? त्यातले निम्मे फोटो माझे आहेत. चार खोकी फोटो दिले याला."

"कोणकोणते, आठवतं?"

"मी फोटो काढतो. बघत नाही."

लोइसबाई त्यांच्याकडे वाकल्या. "त्या आगीनंतरच्या सभेला तू होतास ना? पंपचालक हार्लन झूकला दलातून काढला तेव्हा?"

मार्लिनकाकांनी रस्त्याकडे पाहिलं. "होतो. पेटीत गोट्या टाकायच्या. ठेवायचा असेल तर पांढरी, काढायचा असेल तर काळी. एकतीस गोट्या पडल्या, सगळ्या काळ्या."

"तुझीपण?"

"क्लेटन हॉफॅकर चीफ होता. तो म्हणाला, हार्लनने पंपातलं पाणी काढलं नव्हतं, म्हणून पंप गोठला. चीफने सांगितल्यावर कोण विचारत बसणार, लोइस? त्या खोलीत शेगडीसुद्धा नव्हती, सगळ्यांना घरी जायची घाई."

डेल हॉफॅकर या क्लेटनचाच मुलगा. तो नव्या बंबाला फुलांची माळ बांधत होता आणि माळ जिंकत होती. लोइसबाईंनी त्यालाही तेच विचारलं, कापलेल्या पानावर काय होतं.

"मी का कापू?" तो म्हणाला. "त्या पानावर माझ्या वडिलांचं कौतुक होतं. पंप बंद पडल्यावर त्यांनी बादल्यांची रांग लावली, ते सगळं. कापायचं कारण एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस आत्ता कोंबड्या भाजतोय."

"व्हर्ना?"

"तिच्या बापाचं नाव होतं त्यात."

"चाळीस वर्षं तिच्या हातचं खातोयस, डेल."

"तेच म्हणतोय. तिच्या हातात कायम सुरी असते."

चीफ हसला. लोइसबाई हसल्या नाहीत. पुढे चालायला लागल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "कौतुकाबद्दल खरं बोलला. पण 'सगळं' म्हणताना श्वास अडकला त्याचा."

४

मागच्या अंगणात तीन लांब खड्ड्यांत कोळसे धुमसत होते आणि त्यांवरच्या जाळ्यांवर तीनशे अर्ध्या कोंबड्या ओळीने पडल्या होत्या. व्हर्ना झूक व्हिनेगर-लोण्याचा ब्रश घेऊन फिरत होती. चौसष्ट वर्षांची बाई, पण खांदे बंबाचे पाइप ओढणाऱ्यांना लाजवतील असे. दलाला पैसा मिळतो तो याच कोंबडीवर. लोक आगीला घाबरतात त्यापेक्षा ही कोंबडी संपेल याला जास्त घाबरतात.

"व्हर्ना, कापलेल्या पानावर काय होतं?"

"कोणत्या बाजूला?" व्हर्ना म्हणाली. मग तिने एक कोंबडी उलटली. "एका बाजूला माझा बाप होता."

माझ्याच्याने राहवलं नाही. "व्हर्नाबाई, ते मी जुन्या नोंदवहीतून जसंच्या तसं घेतलं हो. माझ्या मनात काही..."

"माहितेय रे. ऑगस्टमध्ये मजकूर तपासायला दिलास तेव्हाच वाचलंय. तू फक्त उतरवलंस. त्या एकतीस जणांनी फक्त गोट्या टाकल्या. क्लेटनने फक्त सांगितलं. कुणी काहीच केलं नाही. तरी माझ्या बापाला गावात कुणी काम दिलं नाही, आमच्या खिडक्या दोनदा फुटल्या आणि आठ वर्षांत तो मेला. दलाचा माणूस गेला की त्याच्या नावाने घंटा वाजवता ना तुम्ही? त्या दिवशी नाही वाजली. मी मोजायला बसले होते."

मी कोंबडीकडे पाहिलं.

"मग इथे स्वयंपाक का करतेस?" लोइसबाईंनी विचारलं.

"किल्ली मिळते," व्हर्ना म्हणाली.

५

परेड निघाली. बँड, मग पोलिसाचा घोडा, मग पोलीस चालत. लोइसबाई हॉलमध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या लॅपटॉपवर पुस्तक असेल ना? ते पान दाखव."

मी एक्केचाळीस उघडलं आणि मोठ्याने वाचलं. रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. पीठगिरणीला आग. बंब वेळेवर पोहोचला, पण पंप गोठून तडकलेला. पंपचालक हार्लन झूक यांनी शुक्रवारच्या सरावानंतर पंपातलं पाणी काढलं नव्हतं. गिरणी जळाली, चाळीस जणांचं काम गेलं. एकतीस विरुद्ध शून्य मतांनी झूक यांना काढण्यात आलं. पुढे कवळी.

हे आमच्याकडे जन्मल्यापासून शिकवतात. हिवाळ्यात पंप वापरला की खालची तोटी उघडून शेवटचा थेंबसुद्धा काढायचा. राहिला तर रात्रीत बर्फ होतो आणि लोखंड फाडतो.

"त्या दिवशी फोन मी घेतला होता," लोइसबाई म्हणाल्या. "हार्लन वायरलेसवर एकच सांगत होता, मी काढलं होतं, मी शुक्रवारीच काढलं होतं. तो आवाज खोटा नव्हता." त्यांनी चष्मा पुसला. "मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. बरं, आता मागची बाजू दाखव."

"मागे काही नाही हो. अर्धं पान रिकामं होतं म्हणून एक फोटो टाकलाय. प्रकरण हिवाळ्याचं, म्हणून हिवाळ्याचा."

"वेंडल, आपण सकाळपासून तिघांना विचारलं, कापलेल्या पानावर काय होतं. दोघांनी आगीचं सांगितलं. पान कापलं की दोन्ही बाजू जातात, हे फक्त एकीच्या ध्यानात होतं. ज्याने तीनशे वेळा ते उलटून पाहिलंय त्याच्याच ते ध्यानात राहील. दाखव."

मी बेचाळीस उघडलं. शाळेमागचं मैदान. बंब उभा आहे, एक माणूस पाइपने जमिनीवर पाणी सोडतोय, म्हणजे रात्रीत त्याचा बर्फ होऊन मुलांना घसरायला मिळावं. मागे चर्चच्या फळ्यावर लिहिलंय: आज संध्याकाळी हॅमचं जेवण. खाली मी दिलेली ओळ: 'बर्फाचं मैदान तयार करताना, हिवाळा.' साल ठाऊक नव्हतं म्हणून ऋतू लिहिला होता.

लोइसबाईंनी चर्चच्या फळ्यावर बोट ठेवलं.

"चर्चचं हॅमचं जेवण कधी असतं?"

"फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. कायम."

"हा बंब कोणता?"

मी पुस्तक लिहिलेला माणूस. मला हे येत होतं. "पिवळ्या पट्ट्याचा. जुनाच विकत घेतलेला, ऑक्टोबर बहात्तरला आला. त्याचाच पंप तडकला आणि मार्चमध्ये तो भंगारात..."

मी फोटोकडे पुन्हा पाहिलं.

"बोल ना," लोइसबाई म्हणाल्या. "या बंबाने आपल्या गावात किती हिवाळे काढले?"

"एक."

"म्हणजे हॅमची किती जेवणं पाहिली?"

"एक. शनिवार, दहा फेब्रुवारी." मी एक्केचाळीसवर परत आलो. "हार्लनने शुक्रवारी पाणी काढलं होतं. शनिवारी कुणीतरी पंप परत वापरला, आणि रविवारी आग लागली."

"पाइप कुणाच्या हातात आहे?"

फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं. आमच्याकडे पांढरं एकच असतं. चीफचं.

६

पावणेबारा वाजता आम्ही स्वयंपाकघरात गेलो. व्हर्ना पुठ्ठ्याच्या ताटल्या मांडत होती.

"ऑगस्टमध्ये वेंडलने तुला मजकूर तपासायला दिला, तेव्हा पाहिलास ना फोटो?" लोइसबाई म्हणाल्या.

"हो."

"तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"कुणाला? चीफला? मग तो फोटो गेला असता आणि कवळी राहिली असती." व्हर्नाने हात पुसले. "पन्नास वर्षं बोलतेच आहे मी. झूकची मुलगी, ती असंच म्हणणार, एवढंच उत्तर मिळतं. आणि पुस्तक तसंच विकलं असतं तर? लोक घरी नेतात, स्वतःचा फोटो शोधतात आणि कपाटात ठेवतात. बेचाळीसवर कुणाची नजर ठरली असती? आता सकाळपासून अख्खं गाव एकच विचारतंय, त्या पानावर होतं तरी काय."

"पानं कुठेत?" लोइसबाई.

व्हर्नाने एक ताटली पुढे सरकवली. तळाशी बेचाळीस नंबरचं पान, फोटोची बाजू वर. चर्चचा फळा आणि पांढरं हेल्मेट यांना लाल पेनाने गोल केलेला. त्यावर पारदर्शक मेणकागद, त्यावर कोंबडी.

"मेणकागद कशाला?" मी विचारलं.

"छपाईची शाई पोटात जाते. माझी स्वयंपाकाची पद्धत आहे काही."

सचिव म्हणून मी ते थांबवायला हवं होतं. मी लोइसबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तुम्हीही गप्प बसला होतात," व्हर्ना त्यांना म्हणाली.

"बसले होते."

"मग पहिली ताटली तुम्ही घ्या."

लोइसबाईंनी ती घेतली, सगळी कोंबडी संपवली आणि कागद नीट पुसून समोर ठेवला.

७

अंगणात अडतीस टेबलं होती. पहिली दहा मिनिटं फक्त हाडांचा आवाज आला. मग सातव्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर पिवळ्या पट्ट्याचा बंब." बाराव्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "त्या वर्षी हॅम खारट झालं होतं, दुसऱ्या दिवशीच गिरणी गेली." मग लोक उठून एकमेकांच्या ताटल्यांत डोकावू लागले. सगळ्यांच्या ताटलीत तोच फोटो आहे हे कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात तीन जणांनी एकमेकांची कोंबडी खाल्ली.

मार्लिनकाकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हा फोटो मी काढलाय," ते म्हणाले, आणि कागद ताटलीत पालथा ठेवला.

चीफ डेल स्वयंपाकघराच्या दारात आला. हातात ताटली, चेहरा राखेसारखा.

"काय हवंय तुला, व्हर्ना? माईकवर सांगू सगळ्यांना?"

"माईकवर नको. माईकवर माणूस हवेशी बोलतो. प्रत्येक टेबलापाशी जायचं, माणसांच्या तोंडाकडे बघायचं आणि सांगायचं."

"अडतीस टेबलं आहेत."

"एकतीस गोट्या होत्या. सातांची भर माझ्याकडून. वेंडल, तू बरोबर जा. कुठे टाळलं तर लिहून घे."

आम्ही निघालो. पहिल्या टेबलावर चीफ म्हणाला, "त्या काळची परिस्थिती लक्षात घेता, पंपाच्या वापरासंबंधी काही गैरसमज..." व्हर्ना दारातून म्हणाली, "पहिलं टेबल परत." परत घेतलं. पाचव्यापर्यंत परिस्थिती गळाली. दहाव्यापर्यंत गैरसमज गेला. पंधराव्या टेबलाला तो सरळ म्हणाला, "शनिवारी पंप माझ्या बापाने वापरला. पाणी काढलं नाही. हार्लन झूकने शुक्रवारी काढलं होतं." ज्यांच्या बापांनी काळ्या गोट्या टाकल्या होत्या तेही तिथेच बसले होते. कुणी वर पाहिलं नाही. संपलेली हाडं चोखत राहिले.

चोविसाव्या टेबलापाशी वाक्य एकदम लांबलं.

"मी दहा वर्षांचा होतो," चीफ म्हणाला. "रविवारी सकाळी मी त्या बर्फावर घसरलो. बाबांनी मला सांगितलं, पाणी कुणी सोडलं ते बोलायचं नाही. मी बोललो नाही. नंतर मोठा झालो, तरी बोललो नाही."

मी लिहायचं थांबलो. व्हर्ना दारातून दोन पावलं पुढे आली. मग ती म्हणाली, "उरलेल्या सगळ्यांना हेच सांगायचं."

त्याने सांगितलं. चौदा वेळा. अडतिसाव्या टेबलावर स्वयंपाकघरातल्या बायका जेवत होत्या. त्यांनाही सांगितलं. मग तो व्हर्नाकडे वळला. गणवेश घामाने भिजला होता.

"व्हर्ना, मला माफ..."

"ते माझ्याकडे मिळत नाही. आणि एक टेबल राहिलंय."

"कुठलं?"

तिने टेकडीवरच्या कबरस्तानाकडे हनुवटी उडवली.

आम्ही दोघं चढून गेलो. भर दुपारचं ऊन होतं आणि वारा सुटला होता. हार्लन झूकचा दगड पहिल्या रांगेत आहे, साधा, दलाचं चिन्ह नसलेला. चीफने टोपी काढली आणि सगळं सांगितलं, शनिवार, पाणी, बर्फ, गप्प राहिलेली पन्नास वर्षं. मी सगळं लिहून घेतलं आणि खाली येऊन वही व्हर्नाच्या हातात दिली. चीफ पायरीवर बसून पाणी पीत होता.

तिने शेवटपर्यंत वाचलं.

"मोठ्याने म्हणाला?"

"हो."

"क्लेटन तिथेच शेवटच्या रांगेत पुरलेला आहे. तिथवर गेलं असेल का ऐकू?"

मी वाऱ्याचा विचार केला. सचिवाने खोटी नोंद करू नये.

"नसेल," मी म्हणालो.

"मग डेलला परत पाठव," व्हर्ना म्हणाली, आणि वही मला परत दिली.